खाडीच्या दोन तीरांवरील सुट्ट्या

भिंतीवरील दिनदर्शिकेत जो अंक तांबड्या शाईत छापलेला असतो त्या दिवशी मनुष्याने खुशाल घरी बसावे, असा एक भाबडा समज माझ्या मनात बालपणापासून रुजलेला होता, आणि तो समूळ उपटून टाकण्याचे श्रेय मी आमच्या खाडीला देतो. ही खाडी भाईंदर आणि नायगाव या दोन स्थानकांच्या मधून वाहते. तिच्या पुलावरून लोकल धडधडत जाऊ लागली की काही भाविक प्रवासी हात जोडतात, काही तरुण दाराशी उभे राहून वारा खातात, आणि अगदी मोजके लोक, ज्यांत प्रस्तुत लेखकाची गणना होते, मनोमन जिल्हा बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा आम्ही नायगावकर जिल्ह्याचे ठिकाण आता जवळ आले की दूर गेले याच वादात इतके गढून गेलो होतो की, नव्या जिल्ह्याबरोबर नवा जिल्हाधिकारी येतो आणि जिल्हाधिकाऱ्याबरोबर स्थानिक सुट्ट्यांची एक स्वतंत्र यादी येते, ही बाब कुणाच्याही ध्यानात आली नाही.

आमच्या घरात माणसे तीन आणि याद्याही तीन. मी स्वतः मुंबईच्या दक्षिण टोकाशी असलेल्या एका निमसरकारी कचेरीत, जिच्यावरून माणसाला कुणी उठवीत नाही आणि जिच्यावर बसण्यासाठी कुणी झुरतही नाही, अशा एका खुर्चीवर बसून आयुष्य कंठीत आलो आहे. सौभाग्यवती वसई तालुक्यातील एका शाळेत ज्ञानदान करतात. आणि चिरंजीव मालाडच्या एका काचेच्या इमारतीत, अमेरिकेतील कुणा अज्ञात सद्गृहस्थांचे संगणक बिघडू नयेत म्हणून रात्री जागतात. या तिघांनी मिळून एक दिवस अर्नाळ्यास जावे, समुद्र पाहावा, होडीतून पलीकडचा जलदुर्ग गाठावा आणि दिवेलागणीला परतावे, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. अर्नाळ्यासाठी जिथे उतरावयाचे ते विरार नायगावाहून तीन स्थानकांवर, आणि तेही उलट्या दिशेला, म्हणजे सकाळच्या प्रहरी ज्या दिशेच्या गाडीत सभ्य मनुष्याला बसावयास जागा मिळते त्या दिशेला. आमच्या सोसायटीतील निम्मी बिऱ्हाडे चारधाम करून आली. आम्हांला अर्नाळा साधेना.

२०२५ सालच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना हाती आली तेव्हा ती मी चष्मा पुसून दोनदा वाचली. एकंदर २४ सुट्ट्या. हा आकडा प्रथमदर्शनी मोठा दिलासा देणारा होता खरा. परंतु बारकाईने पाहता प्रजासत्ताक दिन रविवारी, गुढीपाडवा रविवारी, रामनवमी रविवारी आणि मोहरमही रविवारीच. बकरी ईद शनिवारी. स्वातंत्र्यदिनाच्याच तारखेवर पारशी नववर्ष. आणि गांधीजयंती व दसरा हे दोन्ही एकाच २ ऑक्टोबरच्या पदरात. वजाबाकी करता हाती उरल्या १७. ज्या कायद्याच्या आधारे या सुट्ट्या जाहीर होतात तो १८८१ सालचा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांचा कायदा होय, हे कचेरीतील एका वयोवृद्ध सहकाऱ्याने सांगितले तेव्हा तर माझे मन खट्टू झाले. गणरायाच्या आगमनाप्रीत्यर्थ सरकार आपल्याला घरी बसविते अशी आपली श्रद्धा. आणि कायद्याची चिंता एवढीच की, त्या दिवशी कुणाच्या हुंडीची मुदत भरलीच तर पुढे काय करावे!

वर्षाचा प्रारंभच असा झाला की, २६ जानेवारीच्या रविवारी, ध्वजवंदनास सर्वांनी विनाअपवाद हजर राहावे असे परिपत्रक निघालेले असल्यामुळे, मी पहाटे धुतलेला सदरा चढवून फलाटावर उभा राहिलो. सुट्टी आणि रविवार, दोन्ही एकाच दिवशी बुडाले, आणि लोकल मात्र रविवारच्या वेळापत्रकाने धावत होत्या.

"आज सुट्टी ना? मग निघालात कुठे?" शेजारच्या गृहस्थांनी विचारले.

"सुट्टी साजरी करायला. कचेरीत."

सौभाग्यवती त्याच वेळी शाळेच्या प्रभातफेरीच्या अग्रभागी होत्या. चिरंजीव तेवढे घरी होते, परंतु रात्रपाळी करून आल्यामुळे ते झोपलेले होते. आणि झोपलेल्या माणसाला अर्नाळ्यास नेता येत नाही.

मार्चअखेरीचा प्रसंग याहून रम्य. ३० मार्चला रविवारी गुढी उभारली, ३१ मार्चला सोमवारी रमजान ईद, म्हणजे जोडून दोन दिवस. आणि ३१ मार्च हीच आर्थिक वर्षाची अखेर! रिझर्व्ह बँकेने सरकारी जमाखर्च पाहणाऱ्या बँकांना त्या दिवशी शाखा उघड्या ठेवावयास सांगितले, तेव्हा बँक उघडी तर बिले पाहिजेत, आणि बिले पाहिजेत तर आम्ही पाहिजे, हा कार्यकारणभाव आमच्या साहेबांच्या ध्यानात यायला विलंब लागला नाही. ज्यांची ईद नव्हती ते सारे कचेरीत आलेच, पण ज्यांची होती असे आमचे एक सहकारीही, नमाज आटोपून, एका हातात देयकांचा गठ्ठा आणि दुसऱ्या हातात शीरखुर्म्याचा डबा घेऊन दुपारी दाखल झाले. त्या वर्षीचे अखेरचे देयक लेखाशाखेकडे गेले तेव्हा त्याच्या समासात एक बेदाणा चिकटलेला होता, आणि लेखाशाखेने त्यावर "खुलासा करावा" असा शेरा मारून ते परत पाठविले.

या त्यागाबद्दल आम्हांला बदली सुट्टी मंजूर झाली. बदली सुट्टी म्हणजे साहेबांवर काढलेली हुंडीच होय; ती कागदोपत्री खणखणीत असते, पण वटवायला जावे त्या दिवशी पेढीवर गर्दी असते. एप्रिलमध्ये मागितली तर "आता लेखापरीक्षण चालू आहे," मे महिन्यात मागितली तर "निम्मे लोक रजेवर आहेत," जूनमध्ये मागितली तर "पावसामुळे तसेही कुणी येत नाही, तुम्ही तरी या," आणि जुलैत मागितली तेव्हा साहेबांनी अत्यंत प्रेमाने विचारले, "कोणती बदली सुट्टी?"

अखेर मी एक दिवसाच्या अर्जित रजेचा रीतसर अर्ज केला. आमच्याकडे रजेचे प्रकार पुष्कळ आहेत: नैमित्तिक, अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, असाधारण, आणि ज्याला रजा हवी आहे त्याला नेमकी कोणती मिळू शकत नाही हे सांगण्यासाठी आस्थापना शाखेचे अधीक्षक नेमलेले आहेत. त्यांनी अर्ज उभा-आडवा न्याहाळला.

"शुक्रवारची रजा मागता. पुढे शनिवार-रविवार येतात."

"येतात. ते माझ्या हातात नाही."

"तसे नव्हे. रजेला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांचा लाभ घेण्याची परवानगी मागितलेली नाही."

रविवारी रविवार पाळण्याची परवानगी मी तत्काळ लिहून मागितली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी हा साप्ताहिक वार पदरात पाडून घेतला. गिरणीमालकांनी तो दिला, परंतु त्यांच्यापाशी आमच्यासारखी आस्थापना शाखा नव्हती. असती तर लोखंड्यांना प्रथम शनिवार जोडून दाखवावा लागला असता.

"रजाकाळातील पत्ता?"

"नायगाव."

"कोणते? दादरचे, नांदेडचे, की सावित्रीबाईंचे?"

"खाडीपलीकडचे. जिल्हा पालघर."

अधीक्षकांची लेखणी जागच्या जागी थबकली. "म्हणजे तुम्ही मुख्यालय सोडणार. त्याची परवानगी स्वतंत्र मागावी लागेल."

मी नम्रपणे निवेदन केले की, मुख्यालय मी रोज संध्याकाळी सोडतो. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर असे चार जिल्हे दररोज दोन वेळा पालथे घालतो, आणि नोकरीस लागल्यापासून एकदाही मुख्यालयी झोपलेलो नाही. अधीक्षकांनी इकडेतिकडे पाहिले, दार लोटून घेतले, आणि खालच्या आवाजात विचारले, "हे कुठे लेखी आहे का?"

"नाही."

"मग नसू द्या."

तेवढ्यावर अर्ज नामंजूर झाला. माझ्या सेवापुस्तकाचे आणि चार जिल्ह्यांचे रक्षण केल्याबद्दल मी त्यांचे आभार मानून बाहेर पडलो.

खरे सांगायचे तर रजा नामंजूर झाल्याचे दुःख मला जितके व्हावयास हवे तितके झाले नाही, कारण अर्जित रजा खर्च करताना माझा जीव तुटतो. १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी ती खात्यावर जमा होत जाते, ३०० दिवसांच्या कमाल मर्यादेशी जाऊन थबकते, आणि निवृत्त होताना तिचे रोख पैसे हाती पडतात. या एका आशेवर आमच्या पिढीने लग्नकार्ये रविवारी उरकली, दुखणी दिवाळीपर्यंत लांबविली आणि मुलांच्या मुंजी मे महिन्यात भर उन्हात लावल्या. नैमित्तिक रजेची गोष्ट वेगळी. ती वर्षाला आठ दिवस, आणि ३१ डिसेंबरला जी उरेल ती व्यपगत. म्हणून डिसेंबरच्या उत्तरार्धात आमच्या कचेरीत इतकी माणसे इतक्या विविध व्याधींनी एकदम आजारी पडतात की, आरोग्य खात्याने त्याची साथ म्हणून नोंद घ्यावी. १ जानेवारीला सगळे खडखडीत बरे असतात.

पाच दिवसांच्या आठवड्याने तरी अर्नाळा जवळ येईल अशी आशा होती. तो २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमलात आला. चार वर्षांतून एकदा उगवणाऱ्या तारखेला मिळालेल्या वस्तूवर फारसा विश्वास ठेवू नये, हे तेव्हाच उमगायला हवे होते. एका शनिवारच्या मोबदल्यात कचेरीची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी वाढली, त्यामुळे मला नायगावाहून आणखी अलीकडची गाडी धरावी लागली. आणि महिना भरतो न भरतो तोच टाळेबंदी येऊन साऱ्या देशालाच आठवड्याचे सातही दिवस सुट्टी लागली. त्या काळात आम्ही तिघेही एकाच वेळी घरी होतो, अष्टौप्रहर, दोन खोल्यांत. त्या वेळी मात्र अर्नाळ्यास जाण्याची मनाई होती.

चिरंजिवांच्या यादीकडे वळावे तर ती सर्वांत आखूड. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने वर्षाकाठी आठ पगारी सुट्ट्या ठरवून दिल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी आपसांत ठरवावयाच्या. चिरंजिवांच्या कंपनीने ही ठरवाठरवी मोठ्या लोकशाही पद्धतीने केली. सर्वांची मते मागविली. गुजरात्यांनी बेस्तु वरस मागितले, वसईकर ख्रिस्ती मुलांनी गुड फ्रायडे मागितला, बंगाल्यांनी अष्टमी मागितली. आणि व्यवस्थापनाने सर्व मतांचा साकल्याने विचार करून, बहुसंख्याक मराठी जनांच्या भावनांचा आदर म्हणून, गुढीपाडवा आणि रामनवमी या दोन सुट्ट्या बहाल केल्या. दोन्ही रविवारी.

"अरे, पण सुट्टीच्या दिवशी काम केले तर दुप्पट वेतन आणि वर दुसरी सुट्टी, असे कायद्यातच आहे," मी त्याला म्हणालो.

"विचारलं मी, बाबा. एचआरवाल्या बाई म्हणाल्या, ते कामगारांसाठी आहे. मी मॅनेजर आहे."

"तू मॅनेजर केव्हा झालास?"

"विचारलं तेव्हाच."

पगार तोच राहिला. शिवाय कंपनीने त्या वर्षापासून व्यवस्थापकांसाठी अमर्याद रजेचे धोरण जाहीर केले आहे, म्हणजे कुणीही हवी तितकी रजा घ्यावी, हिशेब ठेवला जाणार नाही. तेव्हापासून तिथे कुणीही रजा घेतलेली नाही. मोजलेली रजा माणूस हक्काने मागतो, न मोजलेली मागताना त्याला आपण हावरट दिसू अशी धास्ती वाटते. शिवाय आपण रजेवर गेलो आणि काहीच बिघडले नाही तर, ही दुसरी आणि मोठी धास्ती असतेच.

सौभाग्यवतींचा आणि माझा तरी मेळ बसावा. पण नारळी पौर्णिमेची कथा ऐका. गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी २०२५ साली शनिवारी आल्यामुळे शासनाने त्यांच्या ऐवजी नारळी पौर्णिमा आणि ज्येष्ठागौरी विसर्जन या दिवशी स्थानिक सुट्टी दिली. मोठी समंजस तजवीज, फक्त ती मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती. त्यामुळे ८ ऑगस्टला समुद्राला नारळ वाहण्यासाठी सुट्टी मिळाली ती मला, ज्याचा समुद्राशी संबंध खिडकीतून दिसण्यापुरता. सौभाग्यवती शाळेत गेल्या, आणि मी कोळीवाड्याच्या बाजूला फेरफटका मारून आलो. तिथे एक वृद्ध कोळी जाळे विणीत बसले होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस मासेमारी बंद असते, अर्ज नाही, पत्ता नाही, जोडून येणाऱ्या रविवारची परवानगी नाही, मी मोठ्या असूयेने त्यांना म्हणालो, "तुमचे बरे आहे, दोन महिने सुट्टी." त्यांनी जाळ्यावरून नजर न हलविता विचारले, "पगारी का?" मी घरी परतलो.

आणि मग सप्टेंबर आला. ईद-ए-मिलाद यादीप्रमाणे शुक्रवारी, ५ तारखेला; दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या मिरवणुका आणि ईदचा जुलूस लागोपाठ येऊ नयेत म्हणून मुस्लिम बांधवांनी मोठ्या मनाने जुलूस ८ तारखेला काढण्याचे ठरविले, आणि त्यानुसार मुंबई शहर व उपनगरांतील सुट्टीही अगदी तोंडावर ८ तारखेला हलविण्यात आली. बाकीच्या जिल्ह्यांत ती ५ तारखेलाच राहिली. त्याच्या आदल्या वर्षीही ती १६ वरून १८ सप्टेंबरला अशीच सरकली होती. दोन समाजांनी इतक्या सलोख्याने तोडगा काढावा आणि त्याची झळ फक्त नायगावच्या एका दांपत्याला बसावी, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. ५ तारखेला सौभाग्यवती, खाडीच्या उत्तर तीरावर, भर शिक्षकदिनी घरी बसल्या आणि मी दक्षिण तीरावर हजेरीपटावर सही केली; ८ तारखेला मी उत्तर तीरावर सुट्टी भोगीत होतो आणि सौभाग्यवती शाळेत फळ्यावर अपूर्णांक लिहीत होत्या.

"आज घरी आहातच, तर गिरणीत दळण टाका, प्लंबर येईल त्याच्यापुढे उभे राहा, आणि पार्सल घ्या," असे सांगून त्या गेल्या होत्या. प्लंबर आला नाही. त्याला सुट्टी होती.

या पार्श्वभूमीवर २ ऑक्टोबरचे महत्त्व वाचकांच्या ध्यानात येईल. गांधीजयंती तिन्ही याद्यांत, दसराही तिन्ही याद्यांत, वार गुरुवार, खाडीच्या दोन्ही तीरांवर एकमत. महिनाभर आधीपासून तयारी चालली. सौभाग्यवतींनी दशम्यांचे पीठ वेगळे काढून ठेवले, चिरंजिवांनी आपला भ्रमणध्वनी दिवसभर बंद ठेवण्याचे तोंडी वचन दिले, आणि मी समुद्रकिनाऱ्यास शोभेल अशी एक टोपी खरेदी केली. सकाळी सातला आम्ही तिघेही, एकाच वेळी, जागे, स्नात आणि रिकामे होतो. असा योग आमच्या घरात यापूर्वी केव्हा आला होता ते कुणालाही आठवेना.

"निघायचे ना?" मी टोपी घालून विचारले.

चिरंजीव सोफ्यावर आडवे होते. "बाबा, एकच तर दिवस मिळतो. जरा पडू दे ना."

सौभाग्यवती झेंडूच्या तोरणात दोरा ओवीत होत्या. "अहो, आज दसरा. संध्याकाळी लोक सोने द्यायला यायचे, दाराला कुलूप बरे दिसेल का? आणि अर्नाळ्याला आज किती गर्दी असेल, सगळ्यांनाच सुट्टी!"

यावर मला काय वाटले हे सांगण्याची आवश्यकता नाही, कारण टोपी काढून मी चिरंजिवांच्या शेजारी पहुडलो तेव्हा मला अत्यंत सुख वाटले. दुपारी साहेबांचा दूरध्वनी आला. मार्चमधली ती बदली सुट्टी त्यांना आठवली होती, आणि ती मी आजच घेतली असे दाखवावे काय, असे ते विचारीत होते.

२०२६ सालची यादी आता माझ्यापुढे आहे. महाशिवरात्र रविवारी, लक्ष्मीपूजन रविवारी, स्वातंत्र्यदिन शनिवारी, आणि महाराष्ट्र दिन व बुद्धपौर्णिमा एकाच १ मे रोजी. मात्र तो १ मे शुक्रवारी आहे आणि पुढे शनिवार-रविवार येतात, तेव्हा ज्या वाचकांना कुठे जावयाचे असेल त्यांनी सुट्ट्यांचा लाभ घेण्याच्या आणि मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज दोन प्रतींत आजच सादर करावा. आणि अर्नाळ्यास जाणार असाल तर आमच्यासाठी थांबू नये.